व्हर्नेच्या गौरी

डब्याचं झाकण ईशिताच्या हातून निसटलं आणि टाइल्सवर गोल गोल फिरत राहिलं. तिनं पायानं दाबून ते थांबवलं, तोवर उशीर झाला होता. वरच्या खोलीतून आधी एक कुरकुर आली, मग विहानचं रीतसर रडणं.

ती लगेच वर गेली नाही. आत्ताच कुठे झोपवलेलं बाळ उठलं याचं वाईट वाटायलाही अंगात जोर लागतो, तो तिच्याकडे नव्हता. ती डब्यात बघत राहिली. आत जुन्या इरकलीचे मऊ तुकडे होते, डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि कापडात दोन गोल खळगे होते. ज्येष्ठा आणि कनिष्ठा वर्षभर त्या खळग्यांत झोपायच्या. पितळेचे दोन मुखवटे, सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंकडून आलेले. आज संध्याकाळी गौरींचं आवाहन. पुढच्या खोलीत लोखंडी स्टँडना साड्या नेसवून झाल्या होत्या. सोफ्याशेजारी दोन डोकी नसलेल्या बायका मुकाट उभ्या होत्या.

"आई, मुखवटे कुठे ठेवलेत?"

सुप्रभा सिंकपाशी शेपू निवडत होत्या. आवाहनाला शेपूची भाजी आणि भाकरी. हे त्यांनी कधी चुकवलं नव्हतं, अगदी ग्लासगोत होत्या तेव्हाही. तिथे म्हणे एका पोलिश नर्सच्या परसातून शेपू यायचा.

"व्हर्नेला आहेत," त्या मान न वळवता म्हणाल्या.

"फ्रान्समध्ये?"

"दुसरं व्हर्ने मला तरी ठाऊक नाही, बाई."

नंदू विहानला खांद्यावर टाकून खाली आला तेव्हा दोघी तशाच उभ्या होत्या. एक डब्यापाशी, एक शेपूपाशी. ईशितानं नुसता डबा तिरका करून त्याला आत दाखवला.

"But why?" नंदू म्हणाला. "मुखवटे तिकडे कसे गेले?"

"मी नेले. गेल्या भाद्रपदात. तिथेच बसवल्या."

"गेल्या वर्षी?" नंदूचा आवाज चढला, विहान दचकला. "बाबांना जाऊन सहा-सात महिने झाले होते, आई! वर्षभर सण नाही करायचे असं तूच सांगितलंस. दिवाळीला अन्वीला तू एक फुलबाजी पण दिली नाहीस!"

"सण नाही केला." सुप्रभांनी शेपूची जाड देठं बाजूला टाकली. "दोघींना बसवलं. जेवायला वाढलं. एवढंच. घरात एकटीनं जेवायचा कंटाळा आला होता."

बेल वाजली. वरदा आली होती.

*

नंदूनं बहिणीला दारातच अडवलं. ग्लासगोहून पहाटेची ट्रेन पकडून आलेली वरदा पाठीवर सॅक घेऊन उभी होती. केस ओले, डोळ्यांखाली आदल्या रात्रीच्या ड्यूटीची काळी वर्तुळं. ती आजाऱ्यांच्या वॉर्डात जेवढं बोलते त्याच्या निम्मंसुद्धा घरात बोलत नाही, असं बाबा म्हणायचे.

"ऐक," तो हळू म्हणाला. "मुखवटे नाहीयेत. She's left them there. आईनं ठरवलंय काहीतरी. आज बोलूया. तू माझ्या बाजूला आहेस ना?"

"शूज तर काढू दे."

"वरदा, तिथलं घर घ्यायला तयार झालेलं ते डच कपल महिनाअखेरपर्यंत थांबणार आहे. विकायला तिघांच्या सह्या लागतात. तुझी, माझी, आईची. तिथला कायदाच तसा आहे."

"मला माहितीये. तूच फोनवर चारदा सांगितलायस."

नंदूला व्हर्नेचं ते घर नको होतं असं नव्हे. त्याला ते घर आठवायचं नव्हतं. बाबांनी ते घेतलं तेव्हा तो युनिव्हर्सिटीत होता; सुट्टीत गेलं की बाबा त्याला गावाबाहेरच्या वळणावर नेऊन उभं करायचे. डॉक्टर शशी, आयुष्यभर माणसांना भूल देणारे, त्या वळणावर आल्यावर मात्र स्वतःच जागे व्हायचे. "हे बघ, नंदू. इथे चुनखडीचं पठार संपतं. हा पांढरा दगड, आणि त्या ओहोळापलीकडे लगेच काळा ग्रॅनाइट. मोर्व्हाँचे डोंगर सुरू. वर कितीही पाऊस पडू दे, चुनखडी पिऊन टाकते. म्हणून गावाचं नाव व्हर्ने-ल-सेक. कोरडं व्हर्ने. आणि ते प्यालेलं पाणी खाली बाहेर येतं, जिथे दगड बदलतो तिथे." नंदू तेव्हा फोनला रेंज शोधत असायचा.

आता त्याला त्या वळणाचं एवढंच आठवायचं की फेब्रुवारीच्या धुक्यात अँब्युलन्सला ते सापडलं नव्हतं. वरचं गाव आणि खालचं गाव, दोन्हीचं नाव एकच. ड्रायव्हर खालच्या गावात, झऱ्यापाशी, धुण्याच्या हौदाभोवती घिरट्या घालत राहिला. आई वरच्या गावात, स्वयंपाकघराच्या फरशीवर, बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्या वेळी नंदू ट्रेनमध्ये होता, ऑफिसला निघालेला. फोन आला तेव्हा आई रडत नव्हती. ती फक्त म्हणाली होती, "ते लोक खाली गेलेत रे. त्यांना सांग ना कुणीतरी."

तो पुन्हा तसा फोन घेऊ शकणार नव्हता. हे त्याला कुणालाही सांगता येत नव्हतं, मराठीत नाही आणि इंग्लिशमध्येही नाही. म्हणून तो डच कपलबद्दल बोलायचा.

*

"गौरी-गणपतीनंतर मी जाते आहे," चहाचे कप टेबलावर ठेवत सुप्रभा म्हणाल्या. "नव्वद दिवसांचा व्हिसा नाही. मोठा. वर्षाचा. मिळालाय."

अन्वी टेबलाच्या टोकाला बसून मोदकाच्या साच्यात प्ले-डो भरत होती. नंदू-ईशिताची ही थोरली सहा वर्षांची होती, आणि मोठ्यांचं बोलणं ऐकताना अगदी न ऐकल्यासारखी दिसायची.

"तू एकटी तिथे राहणार," नंदू म्हणाला. "त्या गावात. जिथे गुरुवारी एक बस येते. जिथे शाळा बंद, बेकरी बंद, डॉक्टर वीस किलोमीटरवर."

"शेजारी ओदेत आहे."

"ओदेत नाइन्टीची आहे, आई!"

"मग मीच तिच्याकडे बघेन. कुणी कुणाकडे बघायचं ते ठरलेलं नसतं."

वरदाला हसू आलं. तिनं ते कपात लपवलं. नंदूनं पाहिलं.

"तू बोल ना," तो तिला म्हणाला. "डॉक्टर आहेस तू. सांग तिला, हिप फ्रॅक्चर म्हणजे काय ते."

वरदा बोलणार होती. ट्रेनमध्ये सगळं जुळवून आली होती: हाडं, वय, हिवाळा, अंतर. आईचं तिला नेहमी एक कोडं वाटायचं. बाबांच्या गावाबद्दल आई कधी चांगलं बोललीच नव्हती. आधी इथलं घर आवरायचं, मग तिथलं आवरायचं, बाबांच्या पाहुण्यांना वरण-भात वाढायचा. सुट्टी कसली, बदली! हे आईचं वाक्य तिनं शाळेत असल्यापासून ऐकलं होतं.

"पण तुला ते गाव आवडत नव्हतं ना, आई?" तिनं विचारलं. "बाबांचा होता तो सगळा नाद."

सुप्रभांनी हात पुसले. "नव्हतं आवडत. पहिली दहा वर्षं तिथे मला झोप लागायची नाही. इतकं शांत. आणि कोरडं. मी आटपाडीची, मला वाटलं, एवढी युरोपात आले ती पुन्हा हंडा घेऊन उतार उतरायला?" त्यांनी टॉवेल खुंटीला अडकवला. "तुमचे बाबा दगड सांगायचे. मला दगड कळत नाहीत. पण खाली हौदावर गेलं की बायका भेटायच्या. तेव्हा दोन-तीन होत्या अजून म्हाताऱ्या. वरच्या गावाला देऊळ, खालच्या गावाला पाणी. वरच्या बायका धुणं घेऊन खाली यायच्या, तर खालच्या त्यांना उताराकडचे दगड द्यायच्या. म्हणजे यांनी धुतलेलं पाणी त्यांच्याकडे. शंभर वर्षं भांडल्यात. नळ आला, तरी ओदेत खालच्या माणसाशी बोलत नाही."

"आई, हिस्ट्री नको आत्ता," नंदू म्हणाला.

"हिस्ट्रीच सांगते. ऐक. आपलं घर कुणी बांधलं माहितीये?"

"कुणीतरी शेतकऱ्यानं."

"शेतकऱ्यानं नाही. त्या भागात त्याला दुधाचं घर म्हणतात. रोग पडून द्राक्षाचे मळे मेले तेव्हा पुरुषांना काम उरलं नाही. बायका पॅरिसला गेल्या. दाई म्हणून. श्रीमंतांच्या बाळांना अंगावर पाजायला. स्वतःचं तान्हं गावात ठेवून. त्या कमाईतून घरं झाली. खिडक्या मोठ्या, पायऱ्या दगडी. आपल्या दाराच्या चौकटीवर तिचं नाव कोरलंय बघ."

ईशिताचा हात नकळत छातीवर गेला. विहानच्या वेळेची दुधाची कळ आली होती. सोमवारी तिची रजा संपत होती. बेसिंगस्टोकचं ऑफिस, आठवड्यातून तीन दिवस. पंपाची बॅग वरच्या खोलीत भरून ठेवली होती. आणि विहान आजीकडे. हे कुणी ठरवलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. ते तसंच होणार, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

"मी एकदा ओदेतला विचारलं," सुप्रभा म्हणाल्या. त्या आता कुणाकडेच बघत नव्हत्या. "म्हटलं, या बायका पॅरिसला, मग यांची बाळं कोण सांभाळायचं? ती म्हणाली, आज्या. आणखी कोण? मी विचारलं, त्यांची नावं कुठे कोरलीत? ती हसली. म्हणाली, नावं कशाला, त्या तर घरीच होत्या."

अन्वीनं प्ले-डोचा मोदक साच्यातून काढला. त्याचं नाक मोडलं होतं.

"हे तू आम्हाला ऐकवतेस," नंदू म्हणाला.

"नाही रे. तुम्हाला काय ऐकवायचं? मी तुमची आई. विहान माझा जीव आहे." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "मी थकले आहे, नंदू. कामानं नाही. मी कुणाची तरी कोणीतरी असून असून थकले. डॉक्टरांची बायको, डॉक्टरांची विधवा, नंदूची आई. तिथे सकाळी दार उघडलं की मी नुसती सुप्रभा. नाव नीट म्हणताही येत नाही त्यांना. पण हाक मारतात."

वरदा उठली. सिंकपाशी जाऊन उगाच पाणी सोडलं, बंद केलं.

"मी सही नाही करणार," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"What?"

"विकायची सही. नाही करणार."

"तुला सोपंय ना!" नंदू उठला तशी खुर्ची मागे घसरली. "तू ग्लासगोत. दर ख्रिसमसला येणार, फोटो काढणार. रात्री फोन आला तर कोणाला येणार? मला. व्हॅन भाड्यानं घेऊन कोण गेला होता मागच्या वेळी? मी. बाबांची चप्पल पण मी आणली!"

"मग या वेळी मी जाईन."

"तू? तुझ्या ड्यूट्या तुला सोडत नाहीत!"

"दादा," वरदा म्हणाली. ती त्याला दादा फक्त खूप रागात म्हणायची, किंवा अगदीच रडवेली झाली की. "आई तिथे मरेल अशी तुला भीती आहे. मलापण आहे. पण इथे राहून ती मरणार नाही, असं कोणी सांगितलं तुला?"

नंदू बायकोकडे वळला.

"ईशिता, तू सांग. सोमवारी तुला ऑफिस आहे. तू तरी बोल ना काहीतरी."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. विहान तिच्या कडेवर येऊन ब्लाउजशी झोंबत होता. खरं बोलायचं तर तिला किंचाळावंसं वाटत होतं. नको, जाऊ नका, मी पुरी पडणार नाही. रात्री चारदा उठते मी. तुम्ही सकाळी त्याला उचलून न्यायचात तेव्हा मला जी वीस मिनिटं झोप मिळते, तिच्यावर माझा अख्खा दिवस चालतो.

"मला आई हव्या आहेत," ती म्हणाली. "खूप हव्या आहेत." तिनं विहानला सावरलं. "पण मला हव्यात म्हणून..." तिनं ते तिथेच सोडलं आणि विहानला घेऊन पुढच्या खोलीत गेली, दोन डोकी नसलेल्या गौरींसमोर बसून त्याला पाजायला.

*

थोड्या वेळानं सुप्रभा आत आल्या. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू तिच्याशेजारी बसल्या. विहानच्या पायाचा अंगठा त्यांनी बोटांत धरला.

"तुझ्या माहेरी खड्यांच्याच गौरी ना गं?"

"हो." ईशितानं डोळे पुसले नाहीत, हात मोकळा नव्हता. "पाण्यातले पाच खडे. आमच्याकडे ओढ्यावरून आणायचे. आजी आणायची."

"मग आज तशाच आण."

"पण आपल्याकडे मुखवट्यांच्या असतात. नंदूला..."

"मुखवटे व्हर्नेला बसतील. मी तिथे बसवीन." त्यांनी स्टँडवरच्या एका साडीची निरी सारखी केली. "घर इथलं तुझं आहे. तुझ्या घरात तुझ्या माहेरची रीत आली तर काय बिघडलं? मी आले-गेले तर जेवायला येईन."

ईशिताला ते उशिरा कळलं. आधी तिला वाटलं, आई तिची अडचण सोडवताहेत. मग लक्षात आलं. ज्या बाईनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी "आमच्यात हे नसतं" असं म्हणून तिचे खडे हसण्यावारी नेले होते, तीच आज हे घर तिच्या हातात ठेवून मोकळी होत होती. ती जाणार होती. सह्या होवोत न होवोत, नंदू बोलो न बोलो.

"आई, सोमवारी..."

"सोमवारी मी आहे. अनंतचतुर्दशीपर्यंत आहे. तोवर नर्सरी बघू. वरदा, मी, तू. नंदूला फक्त रागवू दे. त्याला रागवल्याशिवाय रडता येत नाही, लहानपणापासून." त्या उठल्या. उठताना त्यांनी ईशिताच्या खांद्याचा आधार घेतला, आणि तो जरा जास्त वेळ धरून ठेवला.

*

पार्कातला ओढा म्हणजे काय, गुडघाभर पाणी. कडेला कुणाची तरी सुपरमार्केटची ट्रॉली उलटी पडलेली. ईशितानं जीन्स दुमडली आणि काठावर बसून हात घातला. पाणी गार होतं. तळाशी गुळगुळीत तपकिरी खडे होते. एक घेतला, तो आवडला नाही, परत टाकला. दुसरा. तिसरा. अन्वी काठावर स्टीलचं ताट आणि चमचा घेऊन उभी होती, कारण आईनं सांगितलं होतं की परत जाताना वाजवायचं.

मागे दूर, बेंचवर नंदू बसला होता. तो आला होता, बोलावलं नसताना. वरदा त्याच्यापासून थोडी लांब, त्याच बेंचवर. विहान त्याच्या मांडीवर उलटा पडून गवताकडे हात टाकत होता. वरदानं सॅकमधून पाण्याची बाटली काढून भावाकडे सरकवली. त्यानं घेतली.

पाच खडे झाले. ईशितानं ते हळदीकुंकवाच्या वाटीत ठेवले, वर थोडं पाणी.

"अन्वी, आता मी तोंडात पाणी भरणार," तिनं सांगितलं. "आणि घरात पोचेपर्यंत एक शब्द नाही बोलायचा. माझी आजी असंच करायची. गौरी आणताना बोलायचं नसतं."

"Like a game?"

"गेमसारखंच. तू वाजव."

घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी तिनं तोंडात भरलं. वाटी दोन्ही हातांत घेतली आणि चालू लागली. अन्वी ताट वाजवत पुढे, मग बाजूला, मग मागे. एक म्हातारा इंग्रज कुत्रा घेऊन चालला होता. त्यानं टोपी काढली आणि वाट दिली. कोपऱ्यावर घर दिसू लागलं. दारात सुप्रभा उभ्या होत्या, हातात पाय धुवायचा तांब्या, उंबऱ्यावर रांगोळीची पावलं. एवढ्या लांबूनही दिसत होतं की त्यांनी एक हात दाराच्या चौकटीला लावलाय. शोभेसाठी नाही. तोल सांभाळायला.

अन्वीनं ताट वाजवायचं थांबवलं.

"आई," ती म्हणाली, "आजी तिकडे किचनमध्ये पडली तर तिचं डोकं मांडीवर कोण घेणार?"

ईशिताच्या तोंडात पाणी होतं.